हॉस्पिटलच्या लाईनवरचं घर

१२ मार्च

पोटुशी आज सकाळी निघून गेली. आली होती तशीच, भरल्या पोटानं.

चार दिवस ती खाडीत नांगर टाकून बसली होती. आमच्या ओसरीवरून अख्खी खाडी दिसते, त्यामुळे तेलाचं जहाज आलं की पुएर्तो मान्सोमध्ये सगळ्यांत आधी मला कळतं. जहाज पाण्यात खोल बसलेलं असलं की तेलानं भरलेलं, वर उचललेलं दिसलं की रिकामं. भरलेल्याला मी पोटुशी म्हणतो. आता सगळी टेकडीच म्हणते. या वेळचीही बातमी मीच दिली होती, आणि लोकांनी लगेच उरलंसुरलं मांस विकत घेतलं होतं, कारण आता आठवडाभर फ्रीज चालणार. आज नांगर उचलून ती गेली. पैसे पोचले नाहीत म्हणतात. कुणी म्हणतं, दुसऱ्या कुणी जास्त दिले.

खालून उबाल्दो न्हावी ओरडला, "मास्तर, तुमची पोटुशी दुसऱ्याच्या दारात बाळंत व्हायला गेली की हो!"

जसं काही मीच तिला हाकललं.

आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला. क्युबाची निर्यात: साखर, तंबाखू, निकेल. पोरं झोपेतही म्हणायची. आयातीत इंधन, असा एकच शब्द होता पुस्तकात, तो मी कधी पाठ करून घेतला नाही. आता त्या एका शब्दावर सगळा देश अंधारात बसलाय.

संध्याकाळी थोडा वेळ लाईट आली. आली की टेकडीवरच्या सगळ्या घरांतून एकच आरोळी उठते, "आली! आली!" माझा आवाज मोठा, वर्गात कमावलेला. आमच्या घराची आरोळी मीच देतो. नेरेइदाला दमा. तिचा श्वास आरोळीला पुरत नाही, ती नुसत्या टाळ्या वाजवते.

१५ मार्च

आज वाईट झालं.

सकाळपासून लाईट नव्हती. काळे घेवडे शिजायला वेळ लागतो, म्हणून मी मागच्या अंगणात कोळसे पेटवले. दुपारी नेरेइदाचा श्वास अडकला. दम्याचा पंप रिकामा. औषधाच्या दुकानात पंप येऊन किती महिने झाले कोण जाणे. वाफेचं मशीन होतं, पण त्याला लाईट लागते. ती ओसरीवर कठडा धरून उभी राहिली, तोंड वाऱ्याकडे केलेलं, ओठ जांभळे. मला हातानं खुणावत होती, की थांब, थांब. मी कसला थांबतोय. उबाल्दोला हाक मारली आणि दोघांनी तिला झुलत्या खुर्चीसकट उचलून टेकडी उतरवली. "मास्तर, तुम्ही मागचे पाय धरा, तुम्हाला पुढचं काही दिसत नाही," असं तो अशा वेळीही म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये लाईट होती! सगळं चालू. तिच्या तोंडावर वाफेचा मुखवटा लावला आणि हळूहळू ओठांचा रंग परत आला. मी तिचा हात धरून बसलो होतो. समोर खिडकी. खिडकीबाहेर बोळ, बोळापलीकडे एक घर, त्या घरात पंखा फिरत होता. सगळं गाव अंधारात आणि त्या घरात एक माणूस पंख्याखाली बनियनवर बसून टीव्ही बघत होता.

तो पंखा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

१८ मार्च

चौकशी केली. हॉस्पिटलची लाईन वेगळी आहे आणि ती कधीच बंद करत नाहीत. आजूबाजूची वीसेक घरं त्याच लाईनवर. त्यांना आयती. मी इतकी वर्षं नकाशे शिकवले, पण गावाचा हा नकाशा मला कधी दिसला नव्हता: कुठल्या गल्लीत लाईट आहे आणि कुठल्या गल्लीत नाही.

२३ मार्च

नेरेइदाशी बोललो. घर तिच्या नावावर आहे. तिच्या वडलांनी बांधलं. पाया खणण्याआधी म्हातारा महिनाभर रोज ओला रुमाल हातात धरून या जागेवर उभा राहायचा म्हणे, वारा कुठून येतो ते बघायला. मग घर असं फिरवलं की वारा ओसरीतून शिरतो आणि स्वयंपाकघरातून निघतो. ही गोष्ट मी लग्नाच्या दिवसापासून ऐकतोय.

मी म्हटलं, "हॉस्पिटलच्या लाईनवर कुणी घर बदलायला तयार असेल तर आपलं देऊन त्याचं घेऊ."

ती म्हणाली, "आपलं का?"

"मशीनसाठी. तुझ्यासाठी."

"लाईट नसली तरी इथं वारा असतो, म्हाताऱ्या."

"वाऱ्यावर मशीन चालतं का?"

ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं. नेरेइदाला पटलं की ती गप्प होते, एवढं मी तिला ओळखतो.

३० मार्च

गिऱ्हाईक मिळालं! विल्फ्रेदो तामायो, हॉस्पिटलच्या कचेरीत काम करतो. चाळिशीचा, केसांना तेल, बोलायला लाघवी. बायको मिगदालिया गरीब स्वभावाची, मान वर करत नाही. त्याला टेकडीवरचं घर हवंय. "मास्तर, बायकोला समुद्र बघायची फार हौस हो," असं म्हणाला. मी मनात हसलो. समुद्र काय, फुकट आहे.

घर पाहून आलो. दोन खोल्या, थोड्या अंधाऱ्या, पण अंधार कसला, बटण दाबलं की उजेड! स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे हॉस्पिटलच्या आवाराचीच भिंत. मी मुद्दाम फ्रीज उघडून पाहिला. आत बर्फ. खराखुरा, पांढरा.

नेरेइदानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे बघितलं. आवारात नव्या सिमेंटचा चौथरा होता, चांगला ऐसपैस.

"हे काय बांधलंय?" तिनं विचारलं.

विल्फ्रेदो जरा घुटमळला. "पुतळा बसवणार आहेत. कुठल्यातरी हुतात्म्याचा."

मी म्हटलं, "एवढा मोठा चौथरा? मग घोड्यासकट दिसतोय."

"हो ना," विल्फ्रेदो म्हणाला, "घोड्यासकट."

मिगदालियाच्या हातातली कॉफी सांडली. घाबरट बाई आहे. दुसरी कॉफी करायला आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आलीच नाही.

नेरेइदा परतताना चढावर म्हणाली, "तिथं खिडक्या उघड्या होत्या, पण पडदा हलत नव्हता."

मी म्हटलं, "पंखा लावू की."

१९ एप्रिल

नोटरीकडे तिसरी खेप. पहिल्या खेपेला कागद छापता छापता लाईट गेली. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच गेली. नेरेइदा म्हणाली, "म्हाताऱ्या, लाईटच नको म्हणतेय." मी म्हटलं, त्याच लाईटसाठी तर चाललंय सगळं. आज मी नोटरीबाईंना सकाळी सातला दारातच गाठलं आणि कागद निघाले. एलिहिओ बार्सागा आणि नेरेइदा कोबास यांचं घर तामायोला, तामायोचं यांना. विल्फ्रेदोनं वर पाण्याची एक टाकीही दिली. मी मागितली नव्हती. माणूस दिलदार.

सही करताना नेरेइदाचा हात जरासुद्धा थरथरला नाही. म्हणजे मनापासून केली.

२ मे

आलो. सामान उबाल्दोच्या मेव्हण्याच्या घोडागाडीतून आणलं. एक झुलती खुर्ची इथल्या दारातून आत जाईना, म्हणून परत टेकडीवर गेली. तिच्या वडलांची होती. मिगदालिया म्हणाली, राहू दे ताई, कधीही ये आणि बस.

निघताना उबाल्दो म्हणाला, "आता जहाजाचं आम्हाला कोण सांगणार, मास्तर?"

मी म्हटलं, "ज्याला लाईट हवी त्यानं जहाज बघत बसावं. मला आता जहाजाची गरज नाही."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

९ मे

आठवडा झाला, लाईट एकदाही गेली नाही. थंड पाणी पितो. मशीन कोपऱ्यात टेबलावर, नेहमी तयार. नेरेइदा रोज सकाळ-संध्याकाळ वाफ घेते. टेकडीवर एवढी लागत नव्हती, पण तिथं मिळतच नव्हती, म्हणून लागत नव्हती.

इथली एक रीत विचित्र आहे. परवा सगळं गाव अंधारात गडप झालं आणि आमचे दिवे तसेच राहिले. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. शेजारच्या बाईनं दारातूनच ओठांवर बोट ठेवलं. मग सगळ्यांनी पडदे ओढले, टीव्हीचे आवाज बारीक केले. इथं लाईटचं नाव काढायचं नाही. गावाची नजर लागते म्हणे. ती इथं जातच नाही, म्हणून 'आली' असं ओरडत नाहीत ते ठीक आहे. पण आहे त्याचा आनंद असा तोंड दाबून करायचा, हे मला काही जमत नाही.

१७ मे

नेरेइदा दुपारी टेकडीवर जाते. तिची झाडं अजून तिथेच आहेत, मिगदालियाला पाणी घालता येत नाही म्हणे. झाडाला पाणी घालता येत नाही अशी बाई मी पहिल्यांदाच ऐकली. चढ चढून दम लागत नाही का, विचारलं. नाही म्हणाली. गालावर रंग असतो येताना. मशीनचा गुण आहे, दुसरं काय.

२५ मे

आता टेकडीवरचे लोक आमच्याकडे फोन चार्ज करायला येतात. फ्रीजमध्ये कुणाचं डुकराचं मांस, कुणाचं दूध. मला परत सगळे "मास्तर, मास्तर" करतात. आज उबाल्दो केस कापायचं मशीन घेऊन आला. दुसरा प्लग मोकळा होता, तरी त्याला म्हटलं, थांब, रांगेनं. उगाच सगळ्यांनी गृहीत धरायला नको. तो दारात उभा राहिला, मग मशीन खिशात घालून गेला.

नेरेइदा म्हणाली, "त्यानं तुझ्याबरोबर मला खुर्चीसकट उतरवलं होतं."

मी म्हटलं, "म्हणून काय रांग मोडायची?"

६ जून

घोडा आला.

सकाळी आवारात बँड वाजला, भाषणं झाली. मी पुतळा बघायला म्हणून मागच्या खिडकीशी कॉफी घेऊन बसलो. क्रेननं उचलून चौथऱ्यावर जे ठेवलं ते हिरव्या रंगाचं लोखंडी खोकं होतं, मालगाडीच्या डब्याएवढं. कुठल्यातरी मित्रदेशानं हॉस्पिटलला भेट दिलेला जनरेटर. त्याचं धुराडं आमच्या खिडकीपासून एका हातावर.

मी पांढऱ्या कोटवाल्या एकाला हाक मारून विचारलं, "मग पुतळा कुठे बसवणार?"

"कुठला पुतळा?" तो म्हणाला.

विल्फ्रेदोची चौकशी केली. रजेवर आहे.

नेरेइदा माझ्या मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं." वाटलं होतं तर बोलायचं तेव्हाच!

९ जून

आज लाईट गेली. आमची. भर सकाळी.

मी फ्यूज बघितला, मग शेजारी बघितलं, मग बोळभर बघितलं. सगळ्यांची. तेवढ्यात भिंत हादरली. घोड्यानं तोंड उघडलं होतं. कपाटातल्या बशा किणकिणायला लागल्या आणि काळा धूर सरळ स्वयंपाकघरात.

वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. खुर्चीतल्या बाईनं मान वर न करता सांगितलं, "हॉस्पिटलला आता स्वतःचं मशीन आहे. ही लाईन कायम चालू ठेवायचं कारण उरलं नाही. इतरांसारखी पाळी येणार."

"इतरांसारखी?"

"थोडी जास्त. तुम्ही आजवर अंधार भोगला नाहीत, काका. बाकीचं गाव तक्रार करतं."

मी म्हटलं, बाई, मी महिन्याभरापूर्वीपर्यंत बाकीच्या गावातच होतो. तिनं पुढच्या माणसाला बोलावलं.

१० जून

टेकडी चढून गेलो. आयुष्यात कुणाला मारलं नाही, आज मारणार होतो.

ओसरीवर पाऊल टाकलं तर वाऱ्यानं माझी टोपी उडाली, घरातून आरपार जाऊन मागच्या अंगणात पडली. विल्फ्रेदो ती उचलून घेऊन आला. झटकून माझ्या हातात दिली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय मास्तर?"

"तो चौथरा! जनरेटर येणार, लाईन जाणार, सगळं तुझ्या कचेरीतून गेलं होतं."

"मास्तर, तुम्ही विचारलंत का? ताईंनी विचारलं, मी म्हटलं पुतळा. तुम्ही म्हणालात घोडा. मी म्हटलं हो. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला मी कसा नाही म्हणणार?"

"घर परत कर."

"सही ताईंची आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आम्ही त्या खोल्यांत बारा वर्षं काढली. मिगदालियाला तिथं रात्रीची झोप नव्हती. हॉस्पिटलमध्ये माणूस मेलं की रडणं भिंतीतून सरळ उशाशी. मलाही बाहेर पडायचं होतं. तुम्हाला जसं आत यायचं होतं तसं."

मी हात उगारला असता. पण कोपऱ्यात त्या झुलत्या खुर्चीत नेरेइदा बसलेली दिसली. मांडीवर वाटाणे घेऊन सोलत होती. मिगदालिया तिच्या पायाशी. मी घरातून निघालो तेव्हा ती घरीच होती, असं मला वाटलं होतं.

"बस, पाणी पी," ती म्हणाली. माझ्याच ओसरीवर मला.

पाणी न पिता आलो.

२ जुलै

गरमी. घोडा दिवसातून आठ-दहा तास चालतो. खिडकी उघडली तर धूर, बंद केली तर भट्टी. लाईट नाही म्हणून पंखा नाही, मशीन नाही. भिंतीतून एक वायर देता का, म्हणून हॉस्पिटलात दोनदा अर्ज करून आलो. नियमात बसत नाही. भिंतीपलीकडे उजेड, अलीकडे आम्ही.

दुपारी नेरेइदाचा श्वास परत अडकला. मार्चमधल्यापेक्षा वाईट. तेव्हा ती कठड्याला धरून उभी तरी होती. आज जमिनीवर बसून कुठं तोंड करू असं इकडेतिकडे बघत होती. वारा कुठून येणार? मी वर्तमानपत्रानं वारा घातला. मी तिला पाठुंगळीला घेतलं आणि बोळ ओलांडून धावलो. घर जवळ होतं एवढं खरं. मी ते तेव्हाही स्वतःशी म्हणत होतो, बघ, घर जवळ आहे म्हणून वाचली.

डॉक्टर तरुण पोरगी. वाफ लावून झाल्यावर मला बाजूला घेतलं.

"काका, घरात धूर येतो का कुठून?"

"तुमच्याकडूनच येतो."

तिला कळलं नाही. मी भिंतीकडे बोट दाखवलं. ती ओशाळली.

"त्यांना तिथं ठेवू नका. उघड्या हवेत न्या. वरच्या टेकडीवर कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

४ जुलै

नेरेइदानं आज कपडे बांधले. मिगदालिया मागची खोली देते म्हणाली आहे. ती बाई आपणहून खाली आली होती, दारात उभी राहून रडत होती. मी तिला आत ये म्हटलं नाही.

मी नेरेइदाला म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात आश्रितासारखी राहणार?"

"दुसऱ्याच्या?" ती म्हणाली. "ती खोली माझी होती. मी त्या खोलीत जन्मले."

"आणि मी?"

"तू कशाला विचारतोस? तू मला विचारलं होतंस का?"

"विचारलं होतं! मार्चमध्ये. तू गप्प बसलीस."

"मी गप्प बसले नव्हते, म्हाताऱ्या. मी वारा म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस."

मशीन मी टेबलावरून उचलून तिच्या पिशवीत घालायला लागलो. तिनं ते काढून परत टेबलावर ठेवलं. वर फडकंसुद्धा घातलं, धूळ बसू नये म्हणून.

"हे राहू दे इथेच," ती म्हणाली. "तुला फार आवडतं ना."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

१४ जुलै

मालांगाचे कंद मिळाले ते घेऊन वर गेलो. विल्फ्रेदो मला बघून मागच्या दारानं बाहेर पडला. लाज आहे म्हणायची थोडी.

वर लाईट नव्हती. नेरेइदा ओसरीवर होती, केस मोकळे, वाऱ्यानं तोंडावर येत होते. कंद घेतले, कसे आहेत ते दाबून बघितलं. मला बसायला सांगितलं, पण दुसरी खुर्ची नव्हती, मी कठड्यावर टेकलो. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मी पाहुण्यासारखा हातात टोपी धरून.

तेवढ्यात खालून उबाल्दोची हाक आली. मला वाटलं मला. मी उठलोसुद्धा.

"नेरेइदा! पोटुशी आली का गं?"

तिनं डोळ्यांवर हात धरून खाडीकडे पाहिलं आणि खाली वाकून म्हणाली, "एक आलंय, पण वर उचललेलं दिसतंय! रिकामंच!"

बरोबर सांगितलं. मी बघितलं, रिकामंच होतं.

"अंधार पडायच्या आत उतर," मला म्हणाली. "त्या बोळात दिवे नाहीत."

२८ जुलै

मी पण घर बदलायची पाटी लावली आहे. आज एक जोडपं आलं, नवं लग्न झालेलं. घोडा त्या वेळी गप्प होता, माझं नशीब. मी टाकी दाखवली, फ्रीजला जागा दाखवली. हॉस्पिटल किती जवळ आहे ते सांगितलं.

मुलीनं मागच्या खिडकीतून पाहिलं. "ते हिरवं काय आहे?"

मी म्हटलं, "तात्पुरतं आहे. हलवणार आहेत."

बोलून गेलो आणि मला स्वतःच्याच आवाजात विल्फ्रेदो ऐकू आला. किळस आली. पण शब्द मागे घेतले नाहीत, हेही लिहून ठेवतो. त्यांनी घेतलं असतं तर मी दिलं असतं.

मुलीनं भिंतीवर तळहात ठेवला. भिंत काळी झालीय, तिचा हात काळा झाला. तिनं तो नवऱ्याला दाखवला, आणि दोघं कॉफीसुद्धा न घेता गेली. ती मला वाटलं त्यापेक्षा शहाणी निघाली. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

९ ऑगस्ट

पोटुशी आली होती म्हणे, खरी. तीन दिवस उतरवून घेतलं तेल. मला रस्त्यात कळलं, सगळ्यांच्या शेवटी.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला मी दारात बसलो होतो. दिवेलागण हा शब्द उगाच आला, दिवे कुठले. आमची लाईन बंद. घोडा चालू होता, म्हणजे काही ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. मग डिझेल भरायला की कशाला त्यांनी तो बंद केला.

एकदम इतकी शांतता झाली की माझे कान दुखले. समोर कुठेतरी भांडं पडलं तेही ऐकू आलं. आणि मग वरून, टेकडीवरून, आरोळी उठली. "आली! आली!" एकेक खिडकी उजळत गेली, खालून वर. आमचं घर, म्हणजे ते घर, सगळ्यांत वर आहे, ते शेवटी उजळलं.

त्या सगळ्या आवाजांत एक आवाज बाईचा होता. मोठा. लांबलेला. "आलीऽऽऽ!" मी तो आधी ओळखला नाही. ओळखणार कसा, मी तो कधी ऐकलाच नव्हता. ती तर टाळ्या वाजवायची. घराची आरोळी मी द्यायचो. आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत तिचा श्वास कधी एवढा पुरलाच नव्हता, किंवा मी आधीच ओरडत असायचो म्हणून तिला कधी द्यावी लागली नाही. कुठलं खरं, मला माहीत नाही. रडू आलं. तिला बरं वाटावं म्हणून तर मी सगळं केलं होतं, आणि तिला बरं वाटतंय.

मी अंधारात दारात बसून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं दार उघडून बघितलं, आमची आली का म्हणून. नाही म्हटलं, वरची आली.

मग घोडा परत सुरू झाला.